बालगंधर्व : पात्र आणि रस

गेल्या कार्तिकात आमच्या किन्हीराजास हरिनाम सप्ताह होता. पाचव्या दिवसाचे कीर्तन आमच्याकडे आले. सेवेस अभंग घेतला तो मंगळवेढ्याच्या कान्होपात्रेचा. ध्रुपद घोळवता घोळवता गळ्यातून सहज एक जुनी चाल निघून गेली. टाळकऱ्यांनी ती उचलली, मंडप डोलू लागला, आम्हांसही बरे वाटले. कीर्तन आटोपले, पंगती बसल्या, तेव्हा आमच्याहून वडील असे एक विणेकरी जवळ येऊन बसले आणि त्यांनी आम्हांस हळूच पण स्पष्ट बजावले, की बुवा, ती चाल फडावरची नव्हे, नाटकातली आहे. लुगडे नेसून रंगभूमीवर उभ्या राहणाऱ्या नटाची चाल नारदाच्या गादीवर कशाला? त्यांच्या शेजारी आमचा मृदंगी बसला होता, वय वर्षे एकोणीस. कोणता नट, असे त्याने विचारले. बालगंधर्व, असे आम्ही सांगितले. तेव्हा तो म्हणाला, की त्या नावाचे पुण्यात नाट्यगृह आहे तेवढे ठाऊक. त्या नावाचा माणूस होऊन गेला हे ठाऊक नव्हते.

एकाची तक्रार आणि दुसऱ्याचे अज्ञान, दोहोंवर औषध एकच. त्या माणसाचे चरित्र सांगावे. आम्ही त्यांना डोळ्यांनी पाहिलेले नाही. ते देह ठेवून गेले तेव्हा आम्ही अंगणात मातीत खेळण्याच्या वयाचे होतो. पुढे घरच्या रेडिओवर त्यांच्या तबकड्या ऐकल्या आणि त्या आवाजाने जे धरून ठेवले ते आजतागायत सोडलेले नाही. म्हणून हा लेखनप्रपंच.

आधी शास्त्राची एक गोष्ट सांगतो, कारण पुढची सारी कथा तिच्यावर उभी आहे. भरतमुनींनी नाट्यास पाचवा वेद म्हटले, हे आपण जाणताच. त्यांच्या नाट्यशास्त्रावर काश्मीरच्या अभिनवगुप्ताचार्यांनी मोठी टीका लिहिली. रस कोणाला मिळतो, असा प्रश्न तिथे आहे. आचार्यांचा निर्णय असा, की रसाचा आस्वाद सहृदय प्रेक्षकाला, नटाला नव्हे. म्हणून तर नटाला पात्र म्हणायचे. पेल्यात मद्य असते, पण पेल्याला त्याची चव लागत नाही. पाठशाळेत हे वाचले त्या दिवसापासून एक शंका आमच्या मनात घर करून बसली आहे, आणि ती केवळ नटांविषयी नाही, बरं का. कीर्तनकार तरी कोण? तोही पात्रच. त्याच्यातून रस वाहतो, लोक पितात, आणि तो मात्र कोरडा राहतो की काय? नारायणराव राजहंस यांच्या आयुष्यात आम्हांस या शंकेचे उत्तर सापडले असे वाटते. ते कसे, ते पाहू.

नारायण श्रीपाद राजहंस यांचा जन्म २६ जून १८८८ चा. सांगलीकडचे नागठाणे हे त्यांचे गाव. आईचे नाव अन्नपूर्णाबाई. घरात गाण्याची आवड, मुलाचा गळा जन्मतःच गोड. लहानपणी काही काळ जळगावास असताना मेहबूबखाँ यांच्याकडे त्याने गाण्याचे धडे घेतले. त्याच वयात पुण्यास लोकमान्य टिळकांच्या पुढे गाण्याचा योग आला आणि लोकमान्यांनी त्याला बालगंधर्व म्हटले, अशी परंपरेने चालत आलेली कथा आहे. गंधर्व म्हणजे देवांच्या सभेतला गाणारा. त्या एका शब्दाने आईबापांचे दिलेले नाव मागे टाकले. महाराष्ट्र त्यांना त्यांच्या साठीतही बालगंधर्वच म्हणत राहिला.

कोल्हापूरचे शाहू महाराज हे या मुलाचे दुसरे आश्रयदाते. पोराला कानाने कमी ऐकू येई. जो गायचा त्याचाच कान अधू, ही केवढी अडचण! महाराजांनी मिरजेच्या मिशन दवाखान्यात त्याच्यावर उपचार करविले आणि त्याला किर्लोस्कर नाटक मंडळीत जाण्याची वाट मोकळी करून दिली. अण्णासाहेब किर्लोस्करांनी उभी केलेली ही मंडळी त्या वेळी अडचणीत होती. तिचे मोठे गायक नट भाऊराव कोल्हटकर १९०१ साली वारले होते आणि त्यांची जागा भरून निघत नव्हती. १९०५ साली मिरजेस नारायणराव शकुंतला होऊन उभे राहिले. वय सतरा. अभिनयाचे शिक्षण गोविंद बल्लाळ देवलांचे, आणि गाण्याचे पुढे भास्करबुवा बखल्यांचे. असे गुरू लाभायला पूर्वपुण्याई लागते.

येथे आमच्या विणेकरी बाबांची हरकत आडवी येते. पुरुषाने बाईचे सोंग घ्यावे काय? त्या काळी कुलीन स्त्रिया रंगभूमीवर येत नसत, म्हणून नाटकमंडळ्यांतून पुरुषच स्त्रीभूमिका करीत, हे लौकिक कारण झाले. परंतु आपल्या संप्रदायाकडेच पाहा ना. ज्ञानोबारायांनी विरहिणी लिहिल्या त्या कोणाच्या तोंडच्या? गौळणी म्हणताना आपण दाढीमिशांचे बाप्ये गोपीच होतो की नाही? नाथांच्या भारुडात पदर डोक्यावर घेऊन उभा राहणारा वारकरी आपण शेकडो वेळा पाहिला आहे. आमच्या वऱ्हाडातल्या दंडारीत तर बाईचे सोंग गड्यानेच घ्यायचे. सोंगाला दोष नाही. सोंग कोणासाठी घेतले आणि त्यातून काय वाहिले, एवढेच पाहावयाचे.

आता १२ मार्च १९११ या दिवसाकडे येऊ. त्या दिवशी मुंबईस कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांच्या 'मानापमान' नाटकाचा पहिला प्रयोग होता. चाली गोविंदराव टेंब्यांच्या, आणि नारायणराव नायिका भामिनी. तिकिटे खपलेली, दूरदूरची मंडळी येऊन बसलेली. आणि त्याच दिवशी नारायणरावांची पहिली मुलगी वारली. प्रयोग पुढे ढकलावा असे कोणीही म्हणाले असते. नारायणरावांनी ढकलला नाही. तोंडाला रंग लावला, भरजरी वस्त्र नेसले, आणि ज्या नायिकेच्या वाट्याला त्या नाटकात हसणे, रुसणे आणि प्रेम करणे आहे ती त्यांनी शेवटच्या अंकापर्यंत निभावली. प्रयोग गाजला. लोक तृप्त होऊन घरी गेले.

हा प्रसंग सांगताना कीर्तनकार बहुधा कर्तव्यनिष्ठेचा दृष्टांत म्हणून सांगतात. आम्हीही पूर्वी तसाच सांगत असू. वय झाल्यावर मात्र तो सांगताना घशाशी काही अडते. कर्तव्य खरेच, पण घरी लक्ष्मीबाई होत्या, त्या मुलीची आई. त्या रात्री त्या माउलीजवळ कोण होते? लोकांना रस मिळाला. पात्राला आतून तडा गेला असेल तर तो कोणी पाहिला नाही, आणि पात्रानेही दाखविला नाही. अभिनवगुप्तांचे वचन इतके कठोर असेल असे पाठशाळेत वाटले नव्हते.

१९१३ साली नारायणराव, गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे हे किर्लोस्कर मंडळीतून बाहेर पडले आणि गंधर्व नाटक मंडळी निघाली. पुढली पंधरा-वीस वर्षे ही मंडळी म्हणजे महाराष्ट्राचे वैभव होते. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांचा तिला आश्रय. १९१६ साली 'स्वयंवर' आले. त्यात नारायणराव रुक्मिणी, म्हणजे आपली रखुमाईच की हो, आणि भास्करबुवांनी रागदारीतल्या निवडक चिजा आणून त्या पदांना चाली दिल्या. ज्या माणसाने उस्तादाच्या बैठकीचे दार कधी पाहिले नाही, त्याच्या ओठी ते राग येऊन बसले. आमच्या आजोबांच्या पिढीतली कित्येक माणसे भीमपलास म्हणजे काय ते सांगू शकली नसती, पण ऐकल्याबरोबर ओळखीत. ती करामत या नाटकांची.

१९१९ साली 'एकच प्याला' आले. नाटककार राम गणेश गडकरी त्याच वर्षी जानेवारीत आमच्या विदर्भातल्या सावनेरास वारले. प्रयोग पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते. दारूपायी घर धुळीस मिळाले, त्या घरची पतिव्रता सिंधू, ही नारायणरावांची भूमिका. जो नट शालू-पैठण्यांत मिरवला तो येथे फाटके लुगडे नेसून जात्यावर बसला, आणि त्याला पाहून बायाबापड्यांनी पदराने डोळे पुसले. दारूबंदीवर आम्ही गावोगाव कीर्तने केली आहेत. आमच्या तासाभराच्या निरूपणाने जे होत नाही ते त्या एका जात्याने केले असेल, असे आम्हांस प्रांजळपणे वाटते.

त्यांच्या लोकप्रियतेचे काय सांगावे! ते ज्या पद्धतीने नऊवारी नेसत, अंबाड्यावर वेणी माळीत, ती पद्धत घरंदाज स्त्रिया उचलू लागल्या. पुरुषाकडे पाहून बायकांनी नेसणे शिकावे, ही गोष्ट जगाच्या पाठीवर फारशी कोठे घडली नसेल. साथीला तबल्यावर अहमदजान थिरकवा, सारंगीवर कादरबक्ष. प्रत्येक पदाला पुन्हा म्हणण्याचा आग्रह होई, आणि नारायणराव पुन्हा म्हणत. तिसऱ्यांदा, चौथ्यांदा म्हणत. नाटक रात्री सुरू होऊन पहाटेपर्यंत चाले. समोर बसलेले लोक हेच त्यांचे मायबाप, हेच दैवत. त्या दैवताला नाही म्हणणे त्यांना कधी जमलेच नाही.

८ जुलै १९२१ रोजी मुंबईत संयुक्त 'मानापमान' झाले. ललितकलादर्श मंडळीचे केशवराव भोसले धैर्यधर, आणि नारायणराव भामिनी. दोन प्रतिस्पर्धी मंडळ्यांचे दोन धनी एका रंगमंचावर आले ते टिळक स्वराज्य फंडासाठी. पैसा स्वराज्यास गेला. त्यानंतर तीन महिन्यांच्या आतच, ४ ऑक्टोबरला, केशवराव ऐन उमेदीत वारले. पुढच्या वर्षी भास्करबुवा गेले. वैभवाच्या ऐन दुपारी सावल्या लांबू लागतात त्या अशा.

आणि वैभवाची किंमतही मोजायची होती. नारायणरावांना नकली वस्तू चालत नसे. वस्त्र खरे, दागिना उत्तम, अत्तर अस्सल, मंडळीतल्या लहानथोरांस जेवण पंचपक्वान्नाचे. १९२० सालच्या 'द्रौपदी' नाटकात मयसभेचा देखावा उभा करण्यासाठी पैसा पाण्यासारखा ओतला, आणि नाटकाने तो परत दिला नाही. हिशेब पाहणारे दुसरे, सही करणारे नारायणराव. मंडळी लाखांच्या कर्जात बुडाली. भागीदार एकेक करून गेले होते. अशा वेळी हात वर करून मोकळे होण्याची रीत व्यवहारात आहे. नारायणरावांनी मंडळी एकट्याच्या नावावर घेतली, म्हणजे कर्ज एकट्याच्या माथ्यावर घेतले, आणि वर्षानुवर्षे रोज रात्री रंग लावून ते फेडले. गळ्याने केलेली ही फेड आहे. तुकोबारायांनी कर्जखतांचे कागद इंद्रायणीत बुडविले, ते दुसऱ्यांकडून येणे होते म्हणून. स्वतःचे देणे कोणी संताने बुडविल्याचे ऐकिवात नाही. या एका बाबतीत तरी नारायणराव संतांच्या वाटेने गेले, असे म्हणावयास हरकत नसावी.

आता आपल्या मुख्य गोष्टीशी आलो. १९३१ साली गंधर्व नाटक मंडळीने ना. वि. कुलकर्णी यांचे 'कान्होपात्रा' हे नाटक केले. चाली भास्करबुवांचे शिष्य मास्तर कृष्णराव फुलंब्रीकरांच्या. त्याच वर्षी मुंबईत 'आलम आरा' हा पहिला हिंदी बोलपट लागला आणि नाटकमंडळ्यांचा काळ फिरला. पण तो भाग पुढे येईल. कान्होपात्रेची कथा आपण जाणतो. मंगळवेढ्याच्या श्यामा गणिकेची ती मुलगी. रूप आणि गाणे हाच ज्या घरचा धंदा, त्या घरात जन्मून तिने तो नाकारला आणि वारकऱ्यांच्या मागे पंढरीस आली. बिदरच्या बादशहाचे लोक तिला न्यायला आले तेव्हा तिने विठोबाच्या पायांवर डोके ठेवून प्राण सोडला. देवाने तिला देवळाबाहेर काढले नाही. पंढरपुरास राउळाच्या आवारात आजही तिचे स्थान दाखवितात, तिथे तरटीचे झाड उगवले अशी कथा आहे.

या नाटकात नारायणरावांच्या तोंडी नाटककाराची पदे होती, तसे संतांचे अभंगही होते. कान्होपात्रेचा करुणेचा अभंग होता. ज्ञानोबारायांचा होता. चोखोबांचा जोहार होता. ते चोखोबा, ज्यांचा जन्म आमच्या वऱ्हाडातल्या मेहुणाराजाचा मानतात. आजवर भजनी मंडळांत आणि कीर्तनांत वावरलेले हे अभंग तिकीट काढून बसलेल्या माणसांपुढे पेटी-सारंगीच्या साथीत गेले. ज्या पांढरपेशा घरांत कोणी कधी चोखोबांचे नाव घेतले नव्हते तेथे तबकडीवर तो जोहार वाजू लागला. ही संप्रदायाची सेवा की विटंबना, याचा निर्णय ज्याने त्याने करावा. आमचा निर्णय झालेला आहे.

शब्दांच्या बाबतीत नारायणराव फार जपत. तान कितीही फिरली तरी अक्षर कधी तुटले नाही. तबकडी लावून बसा. प्रत्येक काना, प्रत्येक वेलांटी ऐकू येते. आम्ही तरुण मुलांना हेच सांगत असतो, की बाबांनो, चाल कोठूनही आणा, पण ती शब्दाच्या डोक्यावर चढली की खाली उतरवा. आमच्याच हातून तरुणपणी हा प्रमाद घडला आहे. एका गावी श्रोत्यांनी टाळ्या दिल्या म्हणून आम्ही एक तान चार वेळा घेतली आणि अभंगाचा शेवटचा चरण विसरून गेलो. माणसे खूष झाली. घरी येताना बैलगाडीत आम्हांस झोप लागली नाही.

पुढली कथा उताराची. बोलपट आले, लोक तिकडे वळले, आणि १९३४ च्या अखेरीस मंडळी थांबली. व्ही. शांताराम यांनी प्रभात कंपनीत त्यांना घेऊन नाथमहाराजांच्या चरित्रावर चित्र काढले. त्याचे नाव आधी 'महात्मा' होते. ते नाव गांधीजींची आठवण करून देते म्हणून सरकारी परीक्षकांनी हरकत घेतली आणि १९३५ साली ते 'धर्मात्मा' या नावाने लागले. अस्पृश्य मानलेल्याच्या घरी जेवणारे, सर्वांभूती एकच देव पाहणारे पैठणचे नाथ, ही भूमिका नारायणरावांची. तीस वर्षांत प्रथमच इतक्या मोठ्या जनतेने त्यांना पुरुषवेषात पाहिले. परंतु तेथे त्यांचे मन रमले नाही. चित्रगृहात प्रेक्षक असतात. चित्र घेताना समोर असते ते यंत्र. यंत्र डुलत नाही, पुन्हा म्हणा म्हणत नाही. ज्याचे दैवत समोर बसलेले असे, त्याला रिकाम्या देवळात गाणे कसे जमावे? प्रभातशी दुसरे चित्र झालेच नाही. पुढल्याच वर्षी त्याच प्रभातने 'संत तुकाराम' काढले. त्यात तुकोबा झालेले विष्णुपंत पागनीस हेही एके काळचे स्त्रीभूमिका करणारे नट. पण पडद्याने त्यांना असे आपलेसे केले, की लोक त्यांच्याच चेहऱ्यात तुकोबा पाहू लागले. एकाला जे सहज मिळाले ते दुसऱ्याला मिळाले नाही. दैवगती म्हणतात ती हीच.

या उतरत्या काळात गोहरबाई कर्नाटकी त्यांच्या आयुष्यात आल्या. त्या विजापूरकडच्या, मुसलमान घरच्या, गाणाऱ्या. नारायणरावांच्या तबकड्या ऐकून ऐकून त्यांनी ती गायकी इतकी आत्मसात केली होती, की डोळे मिटले तर कोण गाते आहे असा संभ्रम पडावा. त्या मंडळीत आल्या आणि नारायणरावांनी आजवर केलेल्या नायिका त्या करू लागल्या. मग गवगवा झाला. जुनी माणसे सोडून गेली, सख्खा भाऊ दुरावला, चाहत्यांनी पाठ फिरविली. लक्ष्मीबाई १९४० साली वारल्या. पुढे १९५१ मध्ये नारायणरावांनी गोहरबाईंशी विवाह केला.

येथे आम्हांस दोन्ही बाजू सांगितल्या पाहिजेत, नाहीतर कीर्तनकार म्हणून आम्ही खोटे ठरू. लक्ष्मीबाईंनी एका जगप्रिय नवऱ्याबरोबर जो संसार केला त्यात सुखापेक्षा सोसणेच अधिक, आणि शेवटच्या वर्षांत तर फारच. त्या माउलीचे दुःख कोणी झाकू नये. पण लोकांनी गोहरबाईंना बोल लावला तो लक्ष्मीबाईंच्या कळवळ्याने लावला काय? आमच्या वाचनात आणि ऐकण्यात जे आले त्यात जात, धर्म आणि गाणारीचे घर यांचीच निंदा फार दिसते. आता विचार करा, सज्जनहो. ज्यांनी 'कान्होपात्रा' पाहताना रुमाल भिजविले, गणिकेच्या मुलीला विठोबाने पोटाशी धरले म्हणून ज्यांनी धन्य धन्य म्हटले, तेच हे प्रेक्षक. नाटक संपले, बाहेर आले, आणि गाणाऱ्या घरची एक बाई त्यांच्या लाडक्या नटाच्या घरात शिरली तेव्हा त्यांनी दार लावून घेतले. विठोबाने जे केले ते रंगमंचावर गोड वाटले. स्वतःच्या उंबऱ्यावर ते जमले नाही.

आमच्या मनात असे येते, की अभिनवगुप्ताचार्यांना हा प्रेक्षक दाखवायला हवा होता. रस प्रेक्षकाला मिळतो म्हणता ना? मग तो त्याच्या अंगी का लागला नाही?

आणि पात्राचे काय झाले, ते ऐका. पन्नाशी उलटली, साठी आली. पैसा गेला, मंडळी गेली, रूप गेले. पुढे पायांतली शक्तीही गेली. उचलून बसवावे लागे. १९५५ साली संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला, १९६४ मध्ये पद्मभूषण. सन्मान आले, पण त्यांनी भाडे भरत नाही. अशा स्थितीत नारायणराव आणि गोहरबाई भजनांचे कार्यक्रम करीत. ना शालू, ना दागिना, ना मयसभा. बसलेला एक म्हातारा माणूस, आवाज थकलेला, आणि तोंडात तेच कान्होपात्रेचे शब्द. एके काळी त्यांनी ते तिच्या वतीने म्हटले होते. आता ते कोणाच्या वतीने म्हणावयाचे राहिले नव्हते. ज्याचे सर्व हिरावले गेले आहे असा जीव देवाला हाक मारतो, हीच त्या अभंगाची स्थिती, आणि हीच गाणाऱ्याचीही. सोंग आणि सोंगाडी यांत अंतर उरले नाही. पेल्याला चव लागली. आमच्या शंकेचे उत्तर आम्हांस येथे सापडते, आणि ते शास्त्राच्या विरुद्ध आहे असेही नव्हे. कारण त्या वेळी नारायणराव नट राहिलेच नव्हते, ते स्वतःच श्रोते झाले होते.

आणि शेजारी बसलेल्या गोहरबाई? लोकांनी टाकलेल्या माणसाची ज्यांनी शेवटपर्यंत शुश्रूषा केली, त्यांना संप्रदायाने काय म्हणावे? श्रीगोंद्याच्या शेख महंमदांना आपण संत म्हणतो. आमच्या मते गोहरबाईंनाही निदान निंदेतून मोकळे करावे. त्या १९६४ साली नारायणरावांच्या आधी गेल्या.

पुण्यास बालगंधर्वांच्या नावाचे रंगमंदिर बांधावयाचे ठरले तेव्हा १९६२ साली त्याची कोनशिला त्यांच्याच हस्ते बसली. ते पुरे झालेले मात्र त्यांना पाहता आले नाही. १५ जुलै १९६७ रोजी पुण्यात त्यांनी देह ठेवला. आषाढाचा शुद्ध पक्ष चालू होता, एकादशी अवघी तीन-चार दिवसांवर, पालख्या पंढरीच्या जवळ पोचत्या झालेल्या. पुढल्या वर्षी २६ जूनला, त्यांच्या जन्मदिवशी, रंगमंदिर उघडले. तेच आमच्या मृदंग्याला ठाऊक असलेले नाट्यगृह.

विणेकरी बाबांना आम्ही हे सर्व सांगितले. एका बैठकीत नव्हे, दोनतीन वेळा मिळून, पारावर. त्यांनी मान हलविली, पण आपले म्हणणे सोडले नाही. त्यांचे म्हणणे एवढेच, की गादीवर चाल मिरवू नये. हे आम्ही मान्य केले. ते खरेच आहे. मृदंग्याला तबकडीवरचे अभंग ऐकविले. त्याने दोनदा ऐकले आणि ठेका धरून पाहिला. पुढच्या सप्ताहात कान्होपात्रेचाच अभंग लावण्याचे आमच्या मनात आहे, त्याच चालीत. फक्त या वेळी एकदाच म्हणू, आणि शेवटच्या चरणापर्यंत म्हणू.

नट असो, कीर्तनकार असो, की पंगतीत वाढणारा असो, आपण सारी पात्रेच आहोत. दुसऱ्याला वाढता वाढता एखादा घास आपल्याही मुखी पडावा, आणि जे नाटकात पाहून रडलो ते दारात आले तर ओळखता यावे, एवढेच मागणे विठोबाच्या पायी आहे.

रामकृष्णहरि.